गोत्र वेगळं आहे ना

माझी मुलगी जाऊन वर्ष होत आलं, तरी तिच्या आजाराचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालते. म्हणजे, घरच्यांनी ते कधीच ठरवलंय. मला मान्य नाही, एवढंच.

दूध ओढताना ती दमायची. मान धरायला शिकली आणि मग विसरली. कुंभकोणमच्या डॉक्टरांनी तंजावरला पाठवलं, तिथून तिचं रक्त आणखी लांब गेलं, तेव्हा कळलं की तिच्या पेशींना अन्नातून ताकदच तयार करता येत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा आजार. दिराने लगेच मोबाइलवर शोधून जाहीर केलं, "मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात." झालं! सासू म्हणाली, "तुझ्या माहेरचें रक्त."

आता गंमत ऐका. माझी सासू माझी सख्खी आत्या. माझं माहेर तेच तिचं माहेर. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, या आम्हा तंजावरकडच्या मराठी लोकांच्या रिवाजाने तिनेच मला मागून घेतलं होतं.

तंजावरच्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला आणि मला नीट समजावलं होतं. काही बाळांत हा आजार फक्त आईकडून येतो, पण आमच्या मुलीचं तसं नव्हतं. तिला बिघडलेलं जनुक दोघांकडून मिळालं, एक माझ्याकडून, एक त्याच्याकडून. एकच बिघडलेलं असेल तर माणूस ठणठणीत राहतो, म्हणून आम्हाला पत्ता नव्हता. आमचे आजी-आजोबा एकच, त्यांच्यापैकी कुणाकडून तरी ते दोन्ही घरांत उतरलं असणार.

घरी येऊन हे मी तमिळमधून सांगितलं, मराठीतून सांगितलं, शेवटी ओरडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. आत्या विड्याच्या पानांच्या शिरा काढत बसली होती.

"गोत्र वेगळें आहे की," ती म्हणाली. "सगोत्र असतें तर बोलणें."

"आत्या, लग्नात तुझं गोत्र बदललं. रक्तही बदललं काय?"

ती पानं उचलून आत गेली.

माझा जीव एवढा तुटत होता तो धाकट्या बहिणीसाठी. तिला याच घरात, दिराला द्यायचं ठरलं होतं. दोघांचं रक्त तपासल्याशिवाय काही होऊ देणार नाही, म्हणून मी हटून बसले. अखेर आत्या कबूल झाली. "पोरीचें करा. पोराला सुई कशाला?"

बहिणीत ते जनुक निघालं. तिला काही धोका नाही, नवऱ्यातही तेच असेल तरच बाळाला भीती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरात ऐकलं गेलं ते एवढंच, की मुलीत दोष आहे. लग्न मोडलं. बहीण माझ्याशी बोलेनाशी झाली. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं.

काल आत्या खुशीत होती. दिरासाठी पापनाशमची मुलगी जवळजवळ पक्की झाली म्हणे. माझ्या काकाची मुलगी, म्हणजे आत्याच्या दुसऱ्या भावाची!

"ही निरोगी आहे," आत्या म्हणाली. "गोत्रही वेगळें."

दिराचं रक्त अजून कुणी तपासलेलं नाही, आणि त्या मुलीचंही नाही.

हे मी पापनाशमच्या बसमध्ये बसून लिहिते आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. पिशवीत मुलीचा फोटो आहे, काकाच्या हातात द्यायला. त्यात ती मान टाकून माझ्या खांद्यावर झोपली आहे, आणि तिचं नाक हुबेहूब आत्याचं आहे. काकाचंही तेच.