पॉइंट कुकचा घट

दत्तप्रसाद मेलबर्नजवळ पॉइंट कुकला बस चालवतो. एरवी शांत माणूस, पण या नवरात्रात त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. घट बसवून पाच दिवस झाले, आणि परडीतल्या मातीतून एक कोंब वर येईल तर शपथ!

घट त्याच्या आईचा, जाईबाईंचा. मनगट मोडलं म्हणून चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो दुसऱ्याच्या हाती सोपवला. तोही साताऱ्यातल्या थोरल्या सारंगला डावलून, या परदेशातल्या धाकट्याला. "तिथं काय उगवणार, डोंबल!" असं सारंगने ऐकवलं होतं. त्याचंच खरं होणार, या विचाराने दत्तप्रसादच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. आईचा व्हिडिओ कॉल आला की तो दिवा दाखवायचा, माळ दाखवायची आणि परडी दिसायच्या आत फोन फिरवायचा.

थंडीला शिव्या घालून झाल्या, उलट्या ऋतूंच्या देशाला घालून झाल्या. घट हलवायचा नसतो म्हणून त्याने हीटरच घटापाशी आणला.

"देवीला घाम फुटेल," बायको मानसी म्हणाली. तिच्यावरही तो खेकसला.

शनिवारी शेजारची मॉइरा आली. ती जुन्या युरोपातला निसर्गधर्म पाळते. शरदात दिवस-रात्र सारखी झाली की तिचा सुगीचा सण. इथे तो मार्चमध्ये येतो. तेव्हा शेवटच्या पेंढीची बाहुली करून ती स्वयंपाकघरात टांगते. तिने मातीतला एक दाणा उचलला.

"मेट, ही सूपमधली बार्ली. पॉलिश केलेली. जन्मात उगवणार नाही."

दत्तप्रसादने कपाळावर हात मारला. सगळ्यांत स्वच्छ दिसते म्हणून त्यानेच सुपरमार्केटमधून ते पाकीट निवडलं होतं!

मॉइरा घरी जाऊन बाहुली घेऊन आली. तिचे दाणे वसंतात पेरायचे, हा तिच्याकडचा रिवाज. तिने गव्हाच्या लोंब्या चोळून दाणे त्याच्या ओंजळीत टाकले.

दसऱ्याला कोंब जेमतेम बोटभर. साताऱ्यात वीतभर असतात. त्याने फोन घटासमोर धरला, एका दमात सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायला तयार झाला.

जाईबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"उपटू नकोस. मागच्या अंगणात लाव. पीक आलं की आधी त्या शेजारणीची बाहुली होऊ दे. मग पुढच्या घटाला बी काढून ठेव."

"म्हणजे पुढच्या वर्षीही माझ्याकडेच?"

"मग? आता तो तिथं रुजलाय."

दत्तप्रसादला हुंदका आवरेना.