सगळ्यांच्या मागचे भाऊ

भाऊ प्रत्येक शर्यतीत शेवटचे यायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आम्ही पोहे खाऊन, गळ्यात मेडल अडकवून फोटो काढत असायचो, मांडववाला खुर्च्या उचलायला लागलेला असायचा, आणि तेव्हा कुठे उतारावर एखादी रडकुंडीला आलेली मुलगी दिसायची. तिच्या मागे थोडं अंतर राखून भाऊ. ती समाप्तीची रेषा ओलांडून पाणी प्यायला बसली, की मगच ते आत पाऊल टाकायचे.

डोंगरातल्या शर्यतीत वाट कळावी म्हणून झाडाझुडपांना लाल फिती बांधतात. शेवटच्या स्पर्धकामागून एक जण त्या सोडत येतो. डोंगरावर कचरा राहू नये, गुरांच्या पोटात प्लास्टिक जाऊ नये, म्हणून ही पद्धत. तळेगावची नोकरी संपल्यावर औंढ्याच्या भाऊंनी हे काम अंगावर घेतलं. खरं तर ते चांगले पळायचे, मनात आणलं असतं तर त्यांच्या वयाच्या गटात बक्षीस मिळालं असतं. पण पुढे पळण्यात त्यांना काही गंमत वाटायची नाही. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "पुढं पळनारे लय हायेत, बाई. मागं थांबनारा एक तरी दावा." मी लोणावळ्यात शाळेत शिकवते, म्हणून ते मला बाई म्हणायचे.

आमची मोठी शर्यत भाद्रपदात असते. पाऊस उघडलेला, गवत कमरेच्या वर, वारा बंद. जमिनीतून वाफ येते आणि अंगावरचा घाम वाळायचं नाव घेत नाही. अशा उन्हात माणूस पडण्याआधी त्याचं डोकं चालेनासं होतं, हे भाऊंनी पाहिलेलं होतं. म्हणून ते मागे रेंगाळणाऱ्या प्रत्येकाला मधूनमधून विचारायचे, आज घरी भाजी काय केलीय? उत्तर सरळ आलं तर चालू द्यायचं. माणूस अडखळला किंवा चिडला, की त्याला सावलीत बसवून डोक्यावर पाणी ओतायचं. पुण्यामुंबईच्या मंडळींना हे म्हातारबुवा भारी खादाड वाटायचे.

एका वर्षी मी मागे राहिले. डोंगराच्या धारेवरच्या पाण्याच्या टेबलापाशी यादीत माझ्या नंबरावर खूण झाली आणि मी पुढे निघाले. थोड्याच अंतरावर पोटात ढवळून आलं. बाईमाणूस, वाटेवर कुठे ओकत बसणार? मी कारवीच्या झुडपांत चांगली आतवर शिरले आणि तिथेच बराच वेळ डोकं धरून बसले. तेवढ्यात पिंपरीचे एक काका बाहेरच्या वाटेने पुढे गेले आणि त्यांच्या मागोमाग भाऊ फिती सोडत गेले. टेबलावरच्या पोरांनी भाऊंना सांगितलं होतं, काका शेवटचे, बाकी सगळे पुढे गेले.

मी बाहेर आले तेव्हा एकही फीत नव्हती. गवतात गुरांच्या वाटा चहूकडे फुटलेल्या. त्यातली एक धरली ती कड्याशी जाऊन संपली. दुसरी कुठे गेली ते मला आजही सांगता येणार नाही. फोनला रेंज नव्हती. बाटली रिकामी झाली, हाका मारून घसा बसला, आणि शेवटी मी एका कातळाला टेकले. मुलीला शिकवणीहून आणायला कोण जाईल, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

खाली सगळे नंबर ताडून पाहताना मी नाही हे कळलं, आणि भाऊ पाणीही न पिता उलट फिरले. हे मला नंतर समजलं. उन्हं कलल्यावर ते मला सापडले, किंवा मी त्यांना. त्यांनी भाजी विचारली. आज तिसरीला गणित आहे, असं मी म्हणाले म्हणे. त्यांनी मला ओढ्यात बसवलं, सदरा भिजवून माझ्या डोक्यावर धरला आणि मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. मी भानावर आल्यावर ते जरा लांब जाऊन बसले. खिशातून लाल फितींचं भेंडोळं काढलं आणि त्याच्याकडे बघत बोलले.

"तुमची वाट मी गुंडाळून खिशात घातली, बाई."

त्यानंतर त्यांनी येताना फिती सोडणं बंद केलं. शेवटच्या माणसामागून ते रिकाम्या हाताने यायचे, सगळे खाली येऊन बसलेत हे स्वतः बघायचे, आणि मग पुन्हा एकटे डोंगर चढून फिती काढून आणायचे. आयोजक म्हणाले, उद्या पोरं जातील. भाऊ ऐकेनात. तरुण मंडळी चेष्टा करायची, भाऊंची डबल मॅरेथॉन म्हणून. गुडघे बोलायला लागले, छातीत भरून यायला लागलं, तरी ते जायचेच. वहिनी, म्हणजे त्यांच्या घरच्या, एकदा कार्ल्याच्या बाजारात भेटल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, तुम्हीच सांगा त्यांना, तुमचं ऐकतील. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. भाऊ, मी ते कधीच विसरून गेले, आता तुम्हीही सोडा.

ते म्हणाले, "तुमी इसरला ते बरंच झालं. मी इसरलो तर पुढच्याचं काय?"

मी चहा घेऊन परत आले.

गेल्या भाद्रपदात असंच ऊन होतं. भाऊ एका धापा टाकणाऱ्या गृहस्थांना घेऊन आले, सगळे आलेत याची खात्री केली, उभ्यानेच कोकम प्यायले आणि पुन्हा वर निघाले. मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. सोबत येऊ का, असंही विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली, आणि मी खुर्च्या आवरायला वळले.

मांडव उतरला तरी ते खाली आले नाहीत. आम्ही चार-पाच जण वर चढलो. उतारावर एकही फीत नव्हती, त्यांनी काढत नेल्या होत्या. आम्ही हाका मारत चढत राहिलो. वरच्या धारेला लागताच एका करवंदीला फीत बांधलेली दिसली, पुढे आणखी एक, मग ओळीने सगळ्या. म्हणजे भाऊ याच्या पुढे गेलेच नव्हते. त्या पहिल्या फितीच्या अलीकडे, दगडाला पाठ लावून, भाऊ बसले होते. अंग अजून गरम होतं, पण त्यात काही उरलं नव्हतं.

माझ्यानंतर इतकी वर्षं त्यांनी कुणालाही डोंगरावर एकटं मागे राहू दिलं नाही. त्या दिवशी त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. हे मला सहन होत नाही, आणि व्हावं असंही वाटत नाही.

घोंगडीची झोळी करून आम्ही त्यांना खाली आणलं. पायथ्याशी वहिनी उभ्या होत्या, कुणीतरी त्यांना औंढ्याहून आणलं होतं. त्यांनी झोळीकडे पाहिलं नाही. आमच्या मागच्या वाटेकडे बघत माझ्याजवळ आल्या.

"वर अजून कुनी हाय का?"

मी म्हणाले, कुणी नाही, वहिनी, सगळे आलो.

मग त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या.