पाबळची शेड कारेगावला

चांगदेवची वेल्डिंगची शेड पाबळहून कारेगावला हलवली ती मी. आम्ही भागीदार, हात त्याचा, डोकं माझं. जागा निवडताना मी तीनच गोष्टी पाहिल्या: थ्री फेज वीज, ट्रक वळेल असा रस्ता आणि जवळ कंपन्या. कारेगाव तिन्हीत पास, पाबळ नापास.

"महेंद्र, तिथं बाजाराची माणसं कुठनं येत्याल?" एवढंच त्यानं विचारलं. मी हसण्यावारी नेलं. शहाणा ना मी!

जुनी शेड आठवडे बाजाराच्या वाटेवर होती. लोक जाताना तण काढायचं मोडकं सायकल-कोळपं टाकायचे आणि पिशव्या भरून परतताना न्यायचे. बाजाराच्या दिवशी चांगदेव नवं काम हातात घ्यायचा नाही. दुरुस्त केलेलं कोळपं आधी शेजारच्या मातीत ढकलायला लावायचा, माणूस किती वाकतो ते बघायचा, मगच दांड्याची उंची ठरवायचा. कोण डावखुरा, कुणाची कंबर धरलेली, सगळं त्याला पाठ. तो गलका, कुणीतरी आणलेली गरम भजी... आजही आठवतं.

कारेगावात कंपन्यांच्या ट्रॉल्यांचं काम धो धो आलं. सगळ्या एका मापाच्या. तरी पाबळच्या बाजाराच्या दिवशी चांगदेव दुपारपर्यंत ट्रॉलीला हात लावेना. रस्त्याकडं बघत बसायचा. "येत्याल," म्हणायचा. मला अपराधी वाटायचं, म्हणून मी त्याच्यावरच खेकसायचो.

दीड महिन्यानं, बाजाराच्याच दिवशी, मारुतराव आबा एसटीतून उतरले. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. चांगदेव धावतच गेला.

"आबा, कोळपं कुठंय?"

"ते गेल्या पावसाळ्यातच भंगारात घातलं. आता तणनाशक मारतो. बाकीच्यांचंबी तेच हाय."

"पर तुम्ही तर दर बाजाराला येत व्हता!"

"बसाया यायचो रं. चार माणसं भेटायची." आबांनी पिशवीतून एक प्रमाणपत्र काढलं. "माझ्या नातीचं, समृद्धीचं. वेल्डिंग शिकलीया. तिला कामाला घे."

"उद्याच पाठवा," चांगदेव म्हणाला. मग त्यानं विचारलं, "आन् तुम्ही? येत जाल ना बाजाराच्या दिवशी?"

आबा हसले. "आज कामापायी आलो, बाबा. नुसतं बसाया एवढ्या लांब कोण येतंय?"

चांगदेवनं त्यांना चहा पाजला, एसटीत बसवून दिलं. परत आला तेव्हा दुपार व्हायची होती. त्यानं ट्रॉली पुढ्यात ओढली.