शीला कोणत्या बाजूला

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — चर्चच्या पाळकांना नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

बालाघाटच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत बायकांची प्रार्थनासभा मी चालवते. सतरंज्या, चहा, आजाऱ्याकडे कोणी कधी जायचं — सगळं मी ठरवते. बायबलात जगाच्या अंताची जी शेवटची लढाई आहे, तिच्यावरही मीच बोलायची. एकीकडे कोकरा, म्हणजे येशू, आणि त्याची शुभ्र वस्त्रांतली माणसं, दुसरीकडे श्वापद आणि सैतान. मध्ये उभं राहायला जागा नाही. माणसं दोन बाजूंना लावून टाकायची — मला त्यात अवघड काय?

धाकटी बहीण शीला लालबर्ऱ्याला. बौद्ध मुलाशी लग्न केलं आणि चर्च सोडलं. आई अंथरुणाला खिळली ती माझ्या घरी. अंग पुसणं, औषधं, चादरी — मी. शीला कधीतरी बसनं यायची, आईची वेणी घालायची, आणि दोघी हसत बसायच्या. माझ्याशी आई तशी कधी हसली?

एकदा शीला गेल्यावर आईनं विचारलं, "त्या लढाईत आपली शीला कोणाकडं राहीन वं?"

तुम्ही काय म्हणाला असता? देवाला ठाऊक — एवढं तरी म्हणाला असता ना? मी उशीचा अभ्रा बदलत होते. हात न थांबवता म्हटलं, "तिकडं. अन् तिकडचे सगळे आगीत जातीन."

यात श्रद्धा नव्हती. जळफळाट होता — आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

 आई म्हणाली, "मंग मले बी तिकडंच उभी कर. एकटीले भेव लागते तिले."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. त्या दिवसापासून आईनं प्रार्थनेला आमेन म्हणणं सोडलं. थोड्याच दिवसांत ती गेली. दफनाच्या वेळी मी सगळ्यांसमोर साक्ष दिली — आई कोकऱ्याच्या बाजूची म्हणून निश्चिंत गेली. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

माती दिल्यावर शीला जवळ आली. "ताई, आई शेवटी माह्याबद्दल काही बोलली का वं?"

"नाही," मी म्हणाले.

ती मान हलवून बस पकडायला गेली. आई आपल्यावर रुसून गेली असं तिला वाटतं. अजूनही कधी फोनवर ती तसं बोलते — आणि मी ऐकून घेते.