कमिटीतलं आठवं नाव

आमच्या चिखलीच्या सोसायटीत किस्से शोधायला लागत नाहीत. लिफ्ट बंद पडली की जिन्यातच दोन-चार मिळतात! प्रणालीच्या ॲपचे तर माझ्याकडे पोतंभर साठलेत.

प्रणाली माझी शेजारीण. मूळची लातूरची, नोकरी हिंजवडीत. सुट्ट्या घालवून तिनं सोसायटीसाठी ॲप बनवलं. त्यात प्रत्येकाला एक रोल: मालक, भाडेकरू नाहीतर कमिटी. ते वर्षभर वापरून झाल्यावर चेअरमन अण्णा म्हणाले, "सभेत माणसांचे आकडे जुळले तर ठेवू. न्हाईतर बाहेरच्या कंपनीला काम!" पोरीचं तोंड एवढंसं झालं.

*

सभेच्या तालमीला ती माझ्याकडेच बसली. डेटाबेसला विचारलं, मालक किती? याला क्वेरी म्हणतात. उत्तर आलं बासष्ट.

मी मेथी निवडता निवडता म्हटलं, "साठच आहेत गं! मोरेंचे तीन फ्लॅट आहेत, म्हणून तू त्यांना तीनदा मोजलंस!"

तिनं क्वेरीत एका माणसाला एकदाच मोजणारा एक शब्द घातला. साठ!

"काकू, तुम्ही चालता-बोलता डेटाबेस आहात!"

"आमचे हे त्याला भोचकपणा म्हणतात!"

*

मग भाडेकरू. त्यात चौथ्या मजल्यावरची पोरं अजून होतीच.

"अगं, ती रविवारीच गेली. गादी टेम्पोत चढवायला मी हात लावला!"

"त्यांचा रोल काढायचा राहिला, काकू."

"बघ, तुझ्या डेटाबेसला खिडकी नाही!"

*

सभेत मालक जुळले, भाडेकरू जुळले. अण्णांना काही चैन पडेना. "आता कमिटी मोज!"

पडद्यावर आलं, आठ.

अण्णा उभेच राहिले. "कमिटीत आमी सातजण हाय! चुकलं तुझं ॲप!"

प्रणाली पुन्हा पुन्हा तोच आकडा काढायला लागली. मला राहवेना. मागून ओरडले, "अगं, नुसता आकडा काय दाखवतेस? नावं काढ!"

नावं आली. सात कमिटीवाले आणि आठव्या मंगलवहिनी, अण्णांची बायको! पुढे लिहिलेलं: रोल देणारे, अण्णा.

वहिनी शांतपणे उठल्या. "यांना चष्मा सापडत नाही म्हणून कमिटीचा रोल मलाही दिलाय. तक्रारींची उत्तरं वर्षभर मीच लिहितेय. टँकरवाल्यालाही मीच फोन करते."

सगळ्या सभेनं ॲपसाठी हात वर केले. अण्णांनीसुद्धा केला, जरा उशिरा.

वहिनी बसता बसता म्हणाल्या, "प्रणाली, आता या आठातले काम करणारे मोज बरं. एकच येईल!"