आधी खोट, मग कात्री

आमच्या कारखान्यात सगळे ज्यांना ‘मास्तर’ म्हणतात, त्या बाई आहेत आणि नात्याने माझ्या थोरल्या नणंद; मी त्यांना ताई म्हणते. कापड कापेल तो मास्तर, हा आमच्या धंद्याचा नियम. त्यात बाई की पुरुष हे कोण बघतंय? कारखाना म्हणजे तरी काय, दोन लांबट खोल्या. पुढच्या खोलीत शिलाईची मशीनं, मागच्या खोलीत कापायचं भलंमोठं टेबल आणि खिडकीशी वाफेची इस्त्री. आम्ही पडदे शिवतो. घरांचे, दवाखान्यांचे, आणि नशीब जोरावर असलं तर रंगमंचाचे. मापं घेणं आणि शेवटी पडदा टांगणं हे माझं काम. म्हणजे गिऱ्हाईक ओरडतं तेव्हा शिडीवर मी असते. माझा स्वर कुठे चढला तर तेवढं समजून घ्या.

ताईंसारखा हात मी दुसरा पाहिलेला नाही. जमिनीपर्यंत लोळणारा पडदा त्या असा कापतात की कडेला धागा म्हणून सुटत नाही. त्या कधी आवाज चढवत नाहीत, कोणाची रजा अडवत नाहीत, कोणाच्या घरी दुखणं निघालं तर डबा घेऊन स्वतः जातात. आणि या सगळ्यावर त्यांची एक ठाम समजूत होती. ‘माझ्याकडे कोणीही काहीही बोलू शकतं,’ असं त्या येईल त्याला सांगायच्या.

त्याचा पुरावा म्हणून एक रीतही होती. कापड टेबलावर अंथरून खुणा झाल्या की सगळ्यांना मागच्या खोलीत बोलवायचं. सगळ्या टेबलाभोवती उभ्या राहिल्या की ताई विचारायच्या, “बोला, काही शंका?” पण हे विचारताना कात्री उजव्या हातात उघडलेली असायची, आणि प्रश्न संपायच्या आत तिचा पहिला कचका पडलेला असायचा. बायका माना डोलवायच्या आणि आपापल्या मशीनवर परतायच्या. यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटेनासं झालं होतं. ताईंना तर मुळीच नाही.

तर, एका नाट्यगृहाचा पडदा आला. गडद लाल मखमल. मखमलीची गंमत अशी की तिला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर ती मऊ बसते, उलट फिरवला तर अंगावर येते. सगळे पट्टे एकाच दिशेने लागले पाहिजेत, नाहीतर उजेडात एक पट्टा उजळ आणि शेजारचा काळपट दिसतो. म्हणून कापायच्या आधी कापडाच्या पाठीवर, लव मऊ बसते त्या दिशेने, खडूने बाण काढतात. आमच्याकडे खडूला फक्त ताईंनी हात लावायचा.

कापणीच्या दिवशी मी मापं घ्यायला बाहेर होते. आठवड्याने पडदा टांगला, खाली उतरले, नाट्यगृहाच्या माणसाने दिवे लावले. मधले दोन पट्टे काळे ठिक्कर. त्या माणसाने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे नवं कापड आहे?” इतकंच म्हणाला तो. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पडदा परत आला. ताईंनी तो टेबलावर पसरला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “वाफ जास्त झाली. लव बसलीय.”

वाफ म्हणजे इस्त्री, आणि इस्त्री म्हणजे मावशी. मावशी ताईंहून वयाने मोठ्या. बोलणं कमी, हात मात्र असा की कापडाला नुसतं शिवून त्याची जात सांगतील. घरात त्या एकट्या, आणि त्या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मावशींनी कधी कापड बिघडवलं नव्हतं, आणि त्यांचं सगळं नाव त्या एका गोष्टीवर उभं होतं.

“मावशी, आता तुम्हाला झेपत नाही हे,” ताई अगदी हळू, मायेने म्हणाल्या. “उद्यापासून आराम करा.”

मावशींनी इस्त्रीचं बटण बंद केलं, तिची तार गुंडाळली, पिशवी घेतली आणि निघाल्या. सगळ्या बायका आपापल्या शिवणीत डोकं खुपसून. मी एकीला कोपऱ्यात गाठून विचारलं, “काय झालं होतं गं नक्की?” तर ती म्हणाली, “तुम्ही घरच्या, तुम्हीच विचारा ना मास्तरांना!” म्हणजे काहीतरी होतं, आणि ते माझ्या नणंदेखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. राग आला मला, पण ताईंना विचारायला जीभ माझीही उचलेना.

दुसऱ्या दिवशी एक संशोधक बाई यायच्या होत्या. ते आधीच ठरलेलं होतं. छोट्या कारखान्यांतली, दुकानांतली मुख्य माणसं स्वतःला कितपत ओळखतात यावर त्यांचा अभ्यास चालला होता. स्वभावाने मोकळ्या. दोऱ्यांच्या रिळांच्या खोक्यावरच बसल्या.

“बहुतेकांना वाटतं, आपण स्वतःला पुरते ओळखतो,” त्या म्हणाल्या. “पण माणूस जितका वर बसतो, तितकं त्याला कोणी खरं सांगत नाही.”

“मग मी सुटले,” ताई हसल्या. “मी बसतच नाही, दिवसभर उभी असते. आणि माझ्याकडे कोणीही काहीही बोलू शकतं.”

“छान. मग मला सांगा, तुमचं चुकतंय असं शेवटचं कोण म्हणालं? आणि काय म्हणालं?”

“सांगतात की! नेहमीच सांगतात.”

“एखादा प्रसंग?”

ताईंनी मोजायला पहिलं बोट धरलं. मग पुढच्या खोलीकडे पाहिलं. एरवी बडबडणारी मशीनं गप्प झाली होती, सगळ्या माना खाली. ताई आठवत होत्या, आणि खरंच आठवत होत्या. उत्तर टाळायचा त्यांचा स्वभाव नाही. मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून चेहरा उतरला तो नेमका क्षण मला दिसला.

“मावशी,” त्या म्हणाल्या.

“कोण मावशी?”

“इस्त्रीच्या. मखमल कापली त्या दिवशी. त्यांनी कापडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘मास्तर, हे जरा...’ मी म्हटलं, ‘हो हो, बघितलंय मी.’ आणि कात्री चालवली.”

“मग?”

“मग काल त्यांना घरी पाठवलं.”

ताई टेबलाशी गेल्या. काळ्या पट्ट्यांचं अस्तर उसवलं, पाठीवरचा बाण पाहिला, पट्टा सुलटा करून बाणाच्या दिशेने तळवा फिरवला. लव उभी राहिली. मखमलीचे ताके दोन होते; दुसरा गिरणीतूनच उलट्या टोकाने गुंडाळून आला होता, आणि ताईंनी हात न फिरवता, सवयीने, पहिल्यासारखाच बाण ओढला होता. वाफेचा काडीचा संबंध नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तर खडू हातात घेऊन उभा!

आता इथे दहा वाटा होत्या. गिरणीला शिव्या घालता आल्या असत्या. ‘मावशींनी नीट सांगायला हवं होतं’ असं म्हणता आलं असतं. मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. ताईंनी चपला घातल्या. मी मागोमाग निघाले.

मावशींनी दार उघडलं. ना ‘या’, ना ‘बसा’.

“माझं चुकलं, मावशी,” ताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. “लव उलटी होती. तुम्ही सांगत होतात.”

“सांगत कुठे होते?” मावशी म्हणाल्या. “सुरुवात केली होती.”

ताईंचे डोळे भरले. मी त्यांना रडताना त्याआधी फक्त सासरे गेले तेव्हा पाहिलं होतं. मावशींनी त्यांना पाणी दिलं, पण इतक्यावर सोडलं नाही. “सगळ्यांदेखत घालवलंत मला. तर सगळ्यांदेखतच बोलवा. इथे दारात नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाभोवती सगळ्या जमल्या. ताईंनी स्वतःचा बाण सगळ्यांना दाखवला आणि म्हणाल्या, “ही चूक माझी. मावशींना दिसली होती. आणखी कोणाला दिसली होती?” मग एक हात वर झाला, मग दुसरा, मग जवळजवळ सगळेच. ते हात बघणं किती जड गेलं असेल, कल्पना करा. ताई मात्र एकेकीच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या, मान खाली घातली नाही. मला माझ्या नणंदेचा त्या दिवसाइतका अभिमान कधी वाटला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगणार नाही, चढून बसतील.

मग त्यांनी कात्री उचलली आणि मावशींच्या हातात दिली. “आजपासून ही तुमच्याकडे. खोट सांगितल्याशिवाय, नाहीतर खोट नाही हे हात फिरवून बघितल्याशिवाय, मला द्यायची नाही. मी मागितली तरी.”

उरलेल्या मखमलीतून दोन पट्टे नव्याने काढले. मावशींनी काठापासून काठापर्यंत हात फिरवला, मुद्दाम सावकाश, आणि ताई हात पुढे करून ताटकळत उभ्या. पडदा वेळेवर उघडला. मी शिडीवर होते आणि कोणी ओरडलं नाही.

रीत जुनी झाली तशी कात्रीवरून रोज खडाजंगी होऊ लागली. मावशी खोट काढायच्या, ताई चिडायच्या, ‘बघू’ म्हणायच्या आणि बघायच्या. आधी धास्तावलेल्या बायका हळूहळू इतक्या बोलू लागल्या की आता कधीकधी वाटतं, पूर्वीची शांतता काय वाईट होती!

पुढल्या वर्षी संशोधक बाई पुन्हा आल्या. ताई टेबलाशी, निळं कापड अंथरलेलं, मावशी शेजारी कात्री धरून उभ्या. बाईंनी विचारलं, “काय मास्तर, काही बदललं का?”

“बदलायचंय काय?” ताई खुशीत म्हणाल्या. “मी पहिल्यापासूनच अशी. सगळ्यांचं ऐकून घेणारी.” आणि कात्रीसाठी हात पुढे केला.

मावशींनी कात्री पाठीमागे नेली.

“पहिल्यापासून नाही, मास्तर.”

मशीनं थांबली. ताईंचा हात तसाच अधांतरी. त्यांनी मावशींकडे पाहिलं, मग पुढच्या खोलीकडे. या वेळी कोणाचीच मान खाली नव्हती.

“बरं, तो जुना प्रश्न विचारते,” बाई हळूच म्हणाल्या. “तुमचं चुकतंय असं शेवटचं कोण म्हणालं?”

“या काय, आत्ताच म्हणाल्या,” ताई म्हणाल्या. “आणि बरोबर म्हणाल्या. मावशी, आता तरी द्या ती कात्री.”