पूर्णेच्या नकाशातली फाटकी जागा

त्या उन्हाळ्यात मी परभणीच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. सुट्ट्या लागल्या आणि मला एका जागी बसवेना. शाळा असली की दिवस निघून जायचा. सुट्टीत मात्र खोलीतून अंगणात, अंगणातून चौकात, चौकातून परत खोलीत, एवढंच चालायचं.

माय माझ्याकडेच राहायला होती, आणि तिचं तर माझ्याहून वाईट. पूर्णेवर धरण झालं, त्यात आमचं गाव गेलं, आणि तेव्हापासून ती कुठंच रुजली नाही. नव्या गावठाणात जागा मिळाली होती, तिथं तिचं मन लागेना. झरीला बहिणीकडं गेली की दोन-चार दिवसांत परत. माझ्याकडं आली की भर दुपारी पिशवी भरून दारात उभी.

"कुठं निघालीस?"

"कुठं न्हाई. उगं."

मग पिशवी खाली ठेवायची आणि उंबऱ्यावर बसून राहायची.

अशात कचेरीतल्या एका साहेबांचा निरोप आला. जिल्ह्यासाठी एक छोटं संग्रहालय उघडायचं ठरलं होतं. जुन्या दगडी इमारतीत मूर्ती, तलवारी, तांब्याची भांडी आणून ठेवलेली. कोठीघरात पत्र्याच्या नळकांड्यांत निजामाच्या काळातले नकाशे निघाले होते. त्यातला सगळ्यात मोठा उलगडला, तर तो पूर्णेच्या खोऱ्याचा. खोलीभर पसरून वर दारातून बाहेर आला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर भेगाळलेला, कडांना वाळवीनं कुरतडलेला.

"तुम्ही चित्रकलेचे," साहेब म्हणाले. "हा भिंतीवर चांगला दिसला पाहिजे. उद्घाटनाला मोठी माणसं येणार आहेत."

औरंगाबादला शिकताना जुनी चित्रं कापडावर चढवायचं काम मी थोडंफार केलं होतं. हात शिवशिवत होतेच. हो म्हणालो.

आधी ओल्या कापसानं प्रत्येक रंग तपासला. नदीची निळाई पक्की होती, पण हद्दींचा लाल रंग लगेच सुटायचा. म्हणजे पाण्यात बुडवायची सोय नाही. नकाशा पालथा घालून जुनं कापड नुसतं दमट करायचं आणि बोटाबोटानं सोलायचं. ते काम घाई खपवून घेत नाही आणि मला तर सारखी घाई. थोडं सोललं की मी उठायचो, खिडकीशी जायचो, पाणी प्यायचो, परत ओणवा व्हायचो.

नकाशावरची नावं उर्दूत होती. भिंतीवर लावायचा तर खाली मराठीत माहिती हवी. साहेबांनी एका निवृत्त गुरुजींना बोलावलं. धोतर, काळी टोपी, जाड भिंगाचा चष्मा. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले आणि उर्दूतून शिकवलेले. ते आले, खाली बसले आणि नदीच्या काठाकाठानं गावं वाचत चालले. मी लिहून घेत होतो. वाचता वाचता ते एका वळणावर थांबले.

"इथं आमचं गाव पाहिजे होतं," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. तिथं दोन घड्या एकमेकींना छेदत होत्या आणि बरोबर तिथला कागद गेलेला होता. तळहाताएवढं भोक. खालचं मळकट कापड दिसत होतं.

गावाचं नाव त्यांनी सांगितलं आणि माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. तेच आमचं गाव. गाव सुटलं तेव्हा मी लहान होतो, गुरुजींना ओळखायचं कारण नव्हतं. ते आत, जोशांच्या गल्लीत. आम्ही बाहेर.

"तुम्ही कुणाचे?" त्यांनी विचारलं. मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा सावरून मला निरखलं. मग म्हणाले, "तुझा बाप हलगी वाजवायचा. बौद्ध झाल्यावर त्यानं सोडली."

"हो."

"बरं केलं," गुरुजी म्हणाले आणि पुन्हा नकाशाकडं वळले.

दुसऱ्या दिवशी माय माझी भाकरी घेऊन आली. मी तिला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. दारातच गुरुजी दिसले तशी ती पदर सावरून भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांनीच ओळखलं.

"या की आत," ते म्हणाले. "आपल्या गावाचा नकाशा आहे."

माय चपला बाहेर काढून आत आली. गुरुजींनी भोक दाखवलं. मग बोट थोडं उजवीकडं नेलं. ओढ्याच्या पलीकडं, धडधाकट कागदावर, काळ्या शाईचे बारीक चौकोन होते आणि त्यांच्याशेजारी उर्दूत काहीतरी लिहिलेलं.

"हे काय हाय?" मायनं विचारलं.

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला. "जुनं नाव आहे. जाऊ द्या."

"वाचा की. आमाला काय म्हाईत न्हाई का?"

"महारवाडा," गुरुजी हळू आवाजात म्हणाले.

माय खाली बसली. एकेका चौकोनावर बोट न टेकवता फिरवत राहिली. "म्हंजी आमी हाव," ती म्हणाली. "गाव गेलं आन् आमी हाव." त्या बोलण्यात आनंद नव्हता. एखादी गोष्ट पटत नसावी तसा तिचा चेहरा झाला होता.

दोन दिवसांनी साहेब आले. भोक बघून त्यांचं डोकं फिरलं. "एवढं मोठं भोक भिंतीवर लावणार? रंगवून टाका. तुम्ही चित्रकार, आणि गुरुजी त्याच गावचे. आणखी काय पाहिजे?"

गुरुजींना ती कल्पना आवडली. दुसऱ्या दिवशी ते कोरा कागद घेऊन आले आणि त्यांनी गाव काढलं. मारुतीचं देऊळ, चावडी, शाळा, जोशांची गल्ली, आडाभोवतीचा पार, नदीवर उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. रेघ ठाम होती. आपलं घर त्यांनी दोनदा गिरवलं.

माय भाकरी घेऊन आली होती. तिनं बराच वेळ कागद पाहिला.

"आमची वाट कुठं हाय?"

"कोणती वाट?"

"पाण्याची. शाळंच्या मागून, काट्याकुट्यातून खालच्या डोहावर जायची ती. रोज जायचो आमी."

गुरुजींनी कागदावरच्या शाळेवर बोट ठेवलं. "शाळेच्या मागं वाट होती?"

"व्हती की. तुमी खिडकीतून बगत नव्हता का?"

"मी त्या शाळेत जन्म घालवला," गुरुजी म्हणाले. आवाज एकदम खाली गेला होता. "खिडकी बंद असायची त्या बाजूची."

मग मायच म्हणाली, "तुमची गल्ली मला बी म्हाईत न्हाई. ती खरी का खोटी, मी काय सांगू?"

मला तिथं थांबवेना. बाहेर आलो, इमारतीला वळसा घातला, पुन्हा आलो. दोघं तसेच बसले होते, मधे तो कागद. कुणी कुणाशी भांडत नव्हतं, पण मला ठरवावं लागणार होतं. गुरुजींचं गाव रंगवलं तर मायची वाट नाही. मायची वाट घातली तर ती मी घातलेली, नकाशा करणाऱ्यानं नव्हे. आणि खाली शिक्का निजामाच्या खात्याचा.

"मी काही रंगवणार नाही," मी म्हणालो. "गेलं ते गेलेलं दिसू द्या."

गुरुजींनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. त्यांना वाईट वाटलं होतं, लपलं नाही. "साहेबांना तूच सांग," एवढंच म्हणाले.

साहेब चिडले. पण उद्घाटन तोंडावर आलेलं आणि दुसरा माणूस मिळेना, म्हणून माझं चाललं.

मग खरं काम. सुताराकडून सागवानी चौकट करून घेतली, तिच्यावर धुतलेलं मांजरपाट ताणलं. मैद्याची खळ मोरचूद घालून शिजवली, म्हणजे कीड लागत नाही. परभणीचा उन्हाळा असा की ब्रश फिरेपर्यंत खळ सुकायची आणि कागद ओढून सुरकुत्या पाडायची. दारं-खिडक्यांना ओली पोती लावली. पहाटे पहाटे नकाशा चढवला, मधून कडांकडं हवा काढत. भोकाखाली हातकागदाचा तुकडा, चहाच्या पाण्यात रंगवून जुन्या कागदासारखा केलेला. त्यावर एकही रेघ नाही. सुकेपर्यंत मी त्या खोलीत येरझारा घालत होतो. एका कोपऱ्यात फुगा आला, तो फोडून पुन्हा बसवला. काच नांदेडहून आली. कागदाला चिकटू नये म्हणून मधे लाकडी पट्ट्या ठोकल्या.

उद्घाटनाला आलेली मोठी माणसं तलवारींपाशी रेंगाळली आणि चहाला गेली. नकाशाकडं फारसं कुणी पाहिलं नाही.

नंतर नव्या गावठाणातली माणसं येऊ लागली. गुरुजींनी कुणाला तरी सांगितलं असणार. एसटीतून उतरून थेट नकाशापाशी. कोऱ्या जागेवर बोटं ठेवून भांडायची. "इथं आमचा वाडा." "अरे, तिथं तर आड व्हता." "तुला काय आठवायलंय, तू पाळण्यात व्हतास." काचेवर तेवढ्या जागी बोटांचे डाग पडले. पहारेकरी पुसायचा, पुन्हा पडायचे. साहेबांनी पुढं दोरी बांधायला लावली, तर माणसं दोरीवरून वाकू लागली.

एकदा मायलाही नेलं. एका बाईनं तिला विचारलं, "मावशी, तुमचं कुठं व्हतं?" मायनं ओढ्यापलीकडचे चौकोन दाखवले. बाईनं वाकून पाहिलं, म्हणाली, "तुमचं तर छापून आलंय की." आणि पुन्हा कोऱ्या जागेकडं वळली.

मला वाटलं होतं, मायला बरं वाटेल. बाहेर येऊन ती पायरीवर बसली.

"काय झालं?"

"बगितल्यावर लयच कसं तरी व्हायलंय," ती म्हणाली. "तितं आमी हाव असं दिसायलंय. पर तितं कुणी न्हाई."

आत पुन्हा कुणाचा तरी आवाज चढला होता. गुरुजींचाच. शाळेच्या मागं एक वाट होती, असं ते कुणाला तरी ठासून सांगत होते.